लॉगिनच्या तासांची बेरीज आणि महिन्याची पहिली तारीख
लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्ता एकूण किती तास लॉगिन होता हे काढायला ‘लास्ट’ (last) या लॉगिनच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीतले कालावधी हाताने बेरजेला घ्यावेत, हा या चर्चेत वर दिलेला सल्ला चार-पाच वापरकर्त्यांपुरता ठीक आहे; एरवी ‘एसी’ (ac) ही लॉगिनच्या वेळेची बेरीज करणारी आज्ञा ‘पी’ (-p) पर्यायासह दिल्यास प्रत्येकाचे एकूण तास आयतेच मिळतात (एकाच वेळी तीन खिडक्यांतून एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन करणाऱ्याचे अर्थात तिप्पट). मात्र दोन्ही आज्ञा डब्ल्यूटीएमपी (wtmp) या लॉगिन-नोंदींच्या एकाच फाईलवर विसंबतात आणि अनेक लिनक्स यंत्रणांवर लॉगरोटेट (जुन्या नोंदी बाजूला ठेवणारा प्रोग्राम) दरमहा ती फाईल बाजूला ठेवून नवी रिकामी सुरू करतो, हे वर कोणी नोंदवलेले नाही.

आमच्या प्रयोगशाळेत १ तारखेला सगळ्यांचे तास एकदम शून्याजवळ आले, तेव्हा मी आधी सर्व्हरच्या घड्याळावरच संशय घेतला. प्रत्यक्षात जुन्या नोंदी त्याच नावाच्या, शेवटी ‘.१’ जोडलेल्या फाईलमध्ये शाबूत होत्या आणि आज्ञेला ‘एफ’ (-f) पर्यायाने ती फाईल दाखवताच हिशेब जुळला.