घरच्या ग्रुपवर: पिंट्याची गाडी, नवी घ्यायची की जुनी?

पिंट्या: सगळ्यांना एक विचारायचं होतं. अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढली, आता स्वतःची घ्यायची ठरवलंय. दहा चाकी ट्रक. आज शोरूमला जाऊन आलो. बॉडी, पासिंग, विमा सगळं धरून ३७ लाखांपर्यंत जाते. ७ लाख आपले, ३० लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, म्हणून आता घेण्यात फायदा आहे असं तो सेल्सवाला म्हणतो.

आई: नवीच घे बाळा. दुसऱ्याची दुखणी कशाला घरात आणायची.

दादा: हप्ता किती बसतो ते आधी लिही.

पिंट्या: ६४ हजार पाचशे.

नाना: पिंट्या, कंपनीच्या किमतीवर सवलत मिळाली म्हणून भाडं वाढत नसतं. आणि नवी स्वस्त झाली तशी जुनीही उतरली, हे तो सेल्सवाला सांगणार नाही. ६४ हजार पाचशे म्हणजे रोजचे २,१५० रुपये. गाडी भरलेली असो, रिकामी असो, की मार्केट बंद म्हणून चार दिवस उभी असो. डिझेल, टोल, टायर त्याच्यानंतर.

पिंट्या: नाना, पण भाडं आहे ना. कांद्याचं सीझनला थांबायला वेळ नसतो.

नाना: सीझनला. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा तू कुठं होतास आठव. बांगलादेशच्या सीमेवर पेट्रापोलला जाणाऱ्या गाड्या एका रात्रीत थांबल्या. बंदी उठली ४ मे २०२४ ला. जवळजवळ पाच महिने. त्या पाच महिन्यांत फायनान्सवाल्याने कुणाचा हप्ता थांबवला होता का?

माझं तुला माहीत नसेल, तू लहान होतास. मी नवी कोरी सहा चाकी काढली होती. पहिलं वर्ष झकास गेलं. पुढं पावसाळ्यात भाडं बसलं, तीन हप्ते थकले. धुळ्याच्या पुढं एका ढाब्यावर जेवायला थांबलो होतो, हात धुऊन बाहेर आलो तर चार माणसं माझ्या गाडीजवळ उभी. किल्ली द्यावी लागली. ताडपत्री, दोरखंड, स्टोव्ह सगळं गाडीतच गेलं. एसटीने घरी आलो. तुझी काकू दारात उभी होती, तिला काय सांगू हे मला अजून उमगलेलं नाही. गाडी वाईट नव्हती रे. हप्ता माझ्या ऐपतीपेक्षा मोठा होता.

ताई: नाना, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

मोठ्या वहिनी: भाऊजी, आमच्या सीएंच्या ऑफिसात गाडीवाल्यांची कामं येतात म्हणून सांगते. नव्या गाडीवर घसारा, म्हणजे गाडीची किंमत उतरते त्याची वजावट, मिळते, कर वाचतो, असं तुम्हाला कुणी सांगेल. पण दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला प्राप्तिकरात सोपा मार्ग आहे. १२ टनांवरच्या गाडीला ग्रॉस वजनाच्या, म्हणजे गाडी अधिक मालाच्या, दर टनाला महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. तुमच्या गाडीचं २८.५ टन, म्हणजे महिन्याला २८,५०० रुपये. गाडी नवी असो की जुनी, आकडा तोच, आणि त्यात वेगळा घसारा मिळत नाही. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने देणाऱ्या छोट्या मालकाला खरेदीवरचा जीएसटीही परत मिळत नाही. तो किमतीत मुरला तो मुरला.

पिंट्या: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

धाकट्या वहिनी: मी मध्ये बोलते, माफ करा. मला पैशांचं एवढं कळत नाही. पण रात्री दोन वाजता कसारा घाटात जुनी गाडी बंद पडली तर हे एकटेच असणार. मागच्या मालकाच्या गाडीचा क्लच गेला तेव्हा सहा तास फोन लागला नव्हता. नवी असली तर निदान मला झोप लागेल.

नाना: पोरी, तुझं बरोबर आहे. हे तू सगळ्यात आधी बोलायला हवं होतंस. म्हणून मी त्याला पंधरा वर्षांचा सांगाडा घ्या म्हणत नाही. चार-पाच वर्षांची घ्यावी आणि एक-दीड लाख हातात ठेवून घ्यावी. क्लच प्लेट, ब्रेक, बेअरिंग, होज पाइप हे पहिल्याच महिन्यात बदलून टाकायचं. घाटात गाडी बंद पडते ती जुनी म्हणून नाही, मालकाच्या खिशात काम करायला पैसे नसतात म्हणून.

दादा: मग बीएस-४, म्हणजे धुराच्या आधीच्या नियमातली, बघू का? २०१९ ची एक पिंपळगावला आहे, १४ म्हणतोय.

सोन्या: दादा, थांबा. मी चाकणला वर्कशॉपला रोज हेच बघतो. बीएस-४ सोपी गाडी आहे, रस्त्यावरचा मिस्त्रीही उघडतो. पण पिंट्यादादा दिल्लीच्या आझादपूर मंडईत कांदा नेतो ना? १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत बाहेरच्या पासिंगच्या बीएस-३ मालगाड्या बंद झाल्यात. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा. त्या लाईनवर चालणारा उद्या ती विकायला काढणार, भाव पडणार, आणि आपल्याला वाटणार स्वस्तात मिळाली.

पिंट्या: दिल्लीचं भाडं सोडून चालणार नाही. वाशीच्या फेऱ्यांवर घर चालतं, पण शिल्लक दिल्लीतूनच पडते.

सोन्या: मग वापरलेली बीएस-६ बघ. एप्रिल २०२० नंतरची. फक्त दोन गोष्टी नीट पाहायच्या. एक, डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी. ते वाचवायला काही मालक सेन्सर बायपास करून टाकतात. गाडी पळते, पण सायलेन्सरकडची सगळी सिस्टीम आतून खराब झालेली असते, आणि तो खर्च मोठा असतो. दुसरं, स्कॅनर लावल्याशिवाय सौदा करायचा नाही. मी लॅपटॉप घेऊन येतो.

पिंट्या: सिन्नरला २०२१ ची आहे एक. साडेएकोणीस म्हणतोय.

मोठ्या वहिनी: साडेपाच तुम्ही भरा, १४ लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, साडेतेरा धरलं, चार वर्षं. हप्ता ३७ हजार ९०० च्या आसपास. दिवसाचे १,२६३. आणि दीड लाख हातात राहतात. नव्या गाडीच्या मानाने महिन्याला साडेसव्वीस हजारांचा फरक.

नाना: हा फरक तुझा नाही पिंट्या. त्यातले दहा हजार टायरसाठी दर महिन्याला बाजूला काढायचे. दहाही टायर एकदम आले तर दोन लाखांच्या वर जातात. बाकीचे रिपेअरीला. उरले तर घरात.

आई: तुम्ही एवढं बघून घेताय तर माझं काही म्हणणं नाही.

दादा: कागदांचं?

नाना: कागद घरी बसूनच बघा, सिन्नरला जाण्याआधी. वाहन पोर्टलवर नंबर टाका. टॅक्स, फिटनेस, परमिट, विमा सगळं दिसतं. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. दहा चाकीला नॅशनल परमिट पंधरा वर्षांपर्यंत, म्हणजे २०२१ च्या गाडीला बरीच वर्षं आहेत. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघा. असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात पडल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया द्यायचा नाही. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर माझ्यासमोर सह्या. "नंतर नावावर करू" म्हणाला तर चहा पिऊन परत यायचं. गाडी त्याच्या नावावर आणि अपघात आपल्या हातून, असलं मी जवळून पाहिलंय.

आणि आधी काय भरत होता ते विचार. खडी, क्रश वाहिलेली गाडी रंगाने झाकता येते, चेसिसने नाही. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ खाली झोपून बघ, वेल्डिंग दिसलं तर सोडून दे. मोकळ्या रस्त्यावर सोन्याला पुढं चालवायला दे, तू मागून मोटरसायकलवर जा. मागची चाकं पुढच्याच्या रेषेत चालतात का बघ. तिरकी चालत असेल तर ती कधीतरी पलटी झालेली असू शकते.

पिंट्या: नाना, तुम्ही याल का रविवारी?

नाना: गुडघा दुखतोय, पण येतो. मला केबिनमध्ये चढवायचं तेवढं बघ.

धाकट्या वहिनी: मीही येते. गाडी आमची होणार असेल तर मला बघायचीय.

नाना: ये पोरी, जरूर ये.

सोन्या: मी सकाळी सहाला निघतो चाकणहून. दादा, त्या मालकाला आत्ताच फोन करून सांग, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. इंजिन थंड पाहिजे. पहिला सेल्फ मी मारणार.

दादा: केला फोन. म्हणाला, हात लावत नाही.