मदत हवी आहे : आईच्या पाटल्यांचं माप २-६ द्यावं की २-८?

नमस्कार. आईसाठी सोन्याच्या पाटल्या घडवायला टाकायच्या आहेत. आई कराडला, मी बंगळुरूला, आणि गुडघ्यांमुळे तिला सराफाकडे नेणं सध्या शक्य नाही. माप फोनवरच घ्यावं लागतंय.

तिच्या रोजच्या काचेच्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने ६० मिमी भरला, म्हणजे बांगडीच्या मापात २-६ (आतला व्यास २ इंच आणि वर ६/१६ इंच). पण ती साबण लावूनच चढते. मग अंगठा करंगळीकडे दुमडून, हाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती सुती दोरा गुंडाळून मोजायला सांगितलं. तो १९.५ सेमी आला. ३.१४ ने भागलं तर ६२ मिमी. २-६ म्हणजे ६०.३ आणि २-८ म्हणजे ६३.५, त्यामुळे बरोबर मधे अडकलोय. सकाळी तिची बोटं सुजलेली असतात, म्हणून दोरा संध्याकाळीही लावून बघितला. फरक जेमतेम.

काचेची बांगडी अरुंद, हात जरा वळवला की सरकते. पाटली रुंद आणि कडक, ती तशी वळणार नाही असं मला वाटतं. पेचाच्या (स्क्रूने उघडणाऱ्या) पाटल्या सुचवल्या होत्या, पण आईला अखंडच हव्यात. मनगट बारीक आहे, सैल पाटली स्वयंपाक करताना पुढे घसरेल ही तिची काळजी. घडल्यावर माप वाढवणं-कमी करणंही टाळायचंय, नक्षी बिघडते.

ज्यांनी रुंद, अखंड पाटल्या घडवल्यात किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया सांगा: अशा हाताला २-८ च घ्यावं, की सराफ मधलं २-७ करून देतात?