मदत हवी आहे: टोमॅटोची फुलं गळतायत, धरलेली फळं तडकतायत

गच्चीकरीण: लवकर सांगा कोणीतरी. पाच रोपं आहेत, चांगली कमरेएवढी. पंधरा दिवस झाले, फुलं येतात आणि देठासकट गळतात. आधीचे दहा-बारा टोमॅटो धरले होते, त्यातले सहा परवाच्या वळवानंतर तडकले. खत घातलंय. काय फवारू?

वांगेपोहे: गाव कुठलं? कुंडी की जमीन? पाणी किती, कधी? खत कुठलं?

शेणामेणाचं: काही फवारू नका. जीवामृत द्या, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन भिजवून आंबवलेलं पाणी, दहापट पाण्यातून. माझ्या मिरच्या लगडल्यात नुसत्या.

गच्चीकरीण: पुणे. गच्ची. युरिया, एक चमचा. आता उपाय सांगा ना!

वांगेपोहे: चमचा चहाचा की वाढायचा? युरियाने पाला माजतो, फुलं नाही. आणि जीवामृतवाले, तुमचं ऐकून मी बादली भिजवली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास माझ्या बादलीवर चर्चा झाली.

शेणामेणाचं: रोज ढवळलं नसेल तुम्ही.

द्राक्षवाला_निफाड: ताई, हा रोग नाही, उन्हाळा आहे. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रही गरम राहिली की पराग निकामी होतो, फळ धरत नाही, फूल गळतं. औषध नाही याला. दुपारपुरती ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. तडकण्याचं कारण वेगळं. माती कोरडीठाक आणि एकदम पाऊस, की आतला गर फुगतो, साल फाटते. बुडाशी पालापाचोळा पसरा, पाणी रोज सकाळी ठरलेलं. आभाळ भरून आलं की गुलाबी छटा आलेले टोमॅटो सरळ तोडून घरात ठेवा, पिकतात. फ्रिजमध्ये नको.

डॅलसची_मावशी: आमच्याकडे जुलैत अगदी हेच! मी रोपं अर्ध्यावर छाटते, थंडी पडायच्या आत परत लागतात.

द्राक्षवाला_निफाड: मावशी, तुमच्याकडे ठीक. पुण्यात जूनमध्ये पाऊस लागणार, नव्या फुटीवर करपा बसेल. उन्हाळ्यात गवार, भेंडी लावावी, टोमॅटोच्या नादी लागू नये.

खमंग: तडकलेल्यांची चटणी करा. तीळ, लसूण, हिरवी मिरची, वरून चिमूटभर गूळ. तडकलेले लगेच वापरा, फटीत बुरशी धरते.

नवखा_माळी: माझा कढीपत्ता दोन वर्षं वीतभरच आहे. इथेच विचारू का?

वांगेपोहे: नाही. गच्चीकरीणबाई, पाण्याचं अजून सांगितलं नाहीत.

गच्चीकरीण: शनिवार-रविवार मी घालते भरपूर. एरवी सासूबाई, आठवलं तर. शेडनेट उद्या आणते. पण किती फूट लागेल? कुंड्या म्हणजे तेलाचे पाच लिटरचे डबे आहेत, सांगायचं राहिलं.

द्राक्षवाला_निफाड: कमरेएवढी रोपं पाच लिटरच्या डब्यात? किती डबे?

गच्चीकरीण: तीन.