मदत हवी आहे: बालवर्गाची अ‍ॅक्टिव्हिटी पाकिटं कशी लावू?

ऐरोलीत घरीच बालवर्ग घेते, २८ पोरं, साडेतीन ते पाच वर्षांची. १५ जूनला सुरू होतोय, पहिल्या आठवड्यासाठी प्रत्येकाला पाकीट द्यायचंय, रेघा गिरवायचे कागद, चिकटकाम, चार तेलखडू आणि ओवायला मोठे मणी. मागच्या वर्षी खाकी पाकिटं घेतली तर पावसाच्या दमटपणाने गोंद सुटला नि मणी घरभर (एखादा अजून सोफ्याखाली सापडतो!). मग जांभळी नाक्यावरून झिपच्या पिशव्या आणल्या, त्यात ए-फोर कागद दुमडल्याशिवाय जातच नाही. बटणवाल्या फोल्डरमध्ये कागद छान बसतात पण मणी कोपऱ्यातून गळतात. बजेट पाकिटामागे ४० रुपये, प्रिंटर घरी आहे, लॅमिनेशन नको. तर पाच दिवसांचं एकत्र द्यावं की रोजचं वेगळं, आणि मणी-खडू कशात ठेवू?