ईईजी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, मग बहीण नॉर्मल आहे की नाही?

मिरजेचा_दादूस
नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी. माझ्या लहान बहिणीला (वय २६, बीकॉम, एका सीएकडे कामाला) कॉलेजात असताना दोनदा फिट आली होती. पहिली परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सकाळी, दुसरी चार महिन्यांनी घरात टीव्ही बघताना. तेव्हापासून लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या चालू आहेत, सकाळ-संध्याकाळ, आणि गेली साडेतीन वर्षं काहीही झालेलं नाही. ईईजी दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. एमआरआय पण नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात एपिलेप्सी आहे, गोळी मनाने बंद करायची नाही.

आता स्थळं बघतोय. परवा मध्यस्थांनी फोनवर विचारलं, मुलगी नॉर्मल आहे ना, बाकी काही नाही ना, आणि आई पटकन म्हणाली हो हो अगदी नॉर्मल. फोन ठेवला आणि घरात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. आई म्हणते रिपोर्टवरच तसं लिहिलंय, मी खोटं काय बोलले? बाबा गप्प. मलाही उत्तर सुचेना, कारण रिपोर्टवर खरंच तसं लिहिलंय. रविवारी बघायला येणार आहेत. सांगायचं का? आणि हे नॉर्मल म्हणजे नक्की असतं तरी काय?

वायरवाली
मी ईईजी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. आम्ही डोक्याला वायरी चिकटवून वीस-तीस मिनिटं नोंद घेतो. तेवढ्या वेळात मेंदूत गडबड झाली तर कागदावर येणार, नाहीतर नाही. चौकात अर्धा तास उभं राहिलात आणि अपघात दिसला नाही म्हणून त्या चौकात अपघातच होत नाहीत असं म्हणाल का? एपिलेप्सी असलेल्या निम्म्याच्या आसपास लोकांचा पहिला ईईजी स्वच्छ येतो, म्हणून तर कधी कधी रात्रभर जागून या म्हणतात. उलटंही होतं, आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसाच्या ईईजीतही क्वचित खुणा दिसतात.

निदान होतं ते मुख्यतः हिस्टरीवरून, ज्याने फिट डोळ्याने बघितली त्याच्या सांगण्यावरून. कुणी मोबाईलवर व्हिडिओ घेतला असेल तर सोन्याहून पिवळं. चोवीस तासांहून जास्त अंतराने, ताप, डोक्याला मार, शुगर एकदम खाली जाणं असं तात्कालिक कारण नसताना दोन फिट आल्या की एपिलेप्सी म्हणतात. जागरण तसं कारणात धरत नाहीत, ते निमित्त. आणि 'आता गेली' म्हणायलाही व्याख्या आहे बरं का, दहा वर्षं फिट नको आणि त्यातली शेवटची पाच वर्षं गोळीशिवाय. म्हणजे कागदोपत्री तुमच्या बहिणीला अजून वेळ आहे. पण औषध नीट घेतलं तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, ती त्या सातातली दिसतेय. तेव्हा आईंना सांगा, रिपोर्टवरचं नॉर्मल त्या अर्ध्या तासाचं आहे.

तारीख_पे_तारीख
वकिलाच्या ऑफिसात बसतो म्हणून दोन गोष्टी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार पण बसवला होता, म्हणजे फिट येणारा माणूस लग्नालाच लायक नाही. १९९९ च्या दुरुस्तीत तो शब्द काढला. आजार तोच, माणसं तीच, एक शब्द खोडला आणि सगळे लग्नाला लायक झाले! तेव्हा आजारामुळे लग्न अडत नाही, हे घरी ठणकावून सांगा.

पण लपवू नका. कलम १२ मध्ये महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती घेतली तर लग्न रद्द करायला अर्ज करता येतो, फसवणूक कळल्यापासून एका वर्षात. कोर्ट शेवटी काय ठरवेल ते वेगळं, चपला तर झिजतातच ना.

रोखठोक_७७
सगळे शहाणपण शिकवा. माझ्या आतेबहिणीची चार स्थळं खरं सांगून गेली, पाचव्याला घरच्यांनी सांगितलं नाही, आज दोन मुलं आहेत, सुखात आहे. आईला दोष देऊ नका, तिला समाज माहितीये.

शेवंताकाकू
रोखठोक, तुमची बहीण सुखात आहे तर आनंदच आहे. पण गोळ्या कुठे ठेवते ते एकदा विचारा तिला. माझं लग्न १९९४ सालचं, माहेरच्यांनी असंच सांगितलं होतं मुलीला काही नाही म्हणून. मी गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरचुंडी करून ठेवायचे, सासूबाई देवळात गेल्या की घ्यायची, घरात पाहुणे असले की राहूनच जायची. पहिल्या मंगळागौरीला रात्रभर जागरण, फुगड्या, झिम्मा, त्यात दोन दिवसांची गोळी चुकलेली. पहाटे सगळ्या बायकांच्या देखत पडले. शुद्धीवर आले तर कुणी नाकाला कांदा धरलेला, कुणी चप्पल, आणि एकीने दात उघडायला चमचा घातला होता त्याने पुढचा दात अर्धा तुटला तो तुटलाच. (असलं काही करू नका हो, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना.)

त्यानंतर दोन वर्षं मला गॅसजवळ एकटं उभं राहू दिलं नाही. आजारापेक्षा लपवलं याचा राग जास्त होता, ह्यांनीही ते नंतर कबूल केलं. बाळा, स्थळ गेलं तर जाऊ दे. आणि अजून एक, डॉक्टरांना लग्नाचं आधी सांगा. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध गरोदरपणात बाळाला त्रासदायक ठरू शकतं म्हणून शक्यतो टाळतात. तिची गोळी वेगळी आहे, तरी फोलिक अ‍ॅसिड वगैरे आधीच विचारून घ्यावं.

ओळंबा
शब्दाचं कुणीच बोललं नाही म्हणून. नॉर्मल आलाय लॅटिन नॉर्मावरून, नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. आमच्या साईटवर रोज लागतो, खोली गुण्यात नसली की टाइल्स बसवताना कोपऱ्यात बरोबर चोरी पकडली जाते. भिंतीला ठीक आहे. माणसाला लावायचा तर काटकोन कुठे धरणार? बहुतेकांसारखं असणं म्हणजे नॉर्मल म्हणाल तर आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना अ‍ॅनिमिया आहे, २०१९-२१ चा सरकारी सर्व्हे. म्हणजे जिना चढताना धाप लागणं हेच नॉर्मल झालं की! बघायला येणारे कधी हिमोग्लोबिन विचारतात का? मुलाची शुगर आपण विचारतो का? मध्यस्थाला नॉर्मल म्हणजे एवढंच हवं असतं की चारचौघांत आपली फजिती होणार नाही ना.

बाकी दादूस, तुझी पोस्ट दोनदा वाचली. आई काय म्हणते, बाबा गप्प, तुला काय सुचेना, सगळं आहे. बहीण काय म्हणते?

मिरजेचा_दादूस
ओळंबा, लागलं ते. खरंच विचारलं नव्हतं, आम्ही तिघं स्वयंपाकघरात भांडत होतो आणि ती आतल्या खोलीत हेडफोन लावून. काल रात्री विचारलं. म्हणाली, तुम्ही कुणीच सांगू नका, मुलाशी बोलायला दहा मिनिटं देतात ना, तेव्हा मी सांगते, आणि तो घाबरला तर बरंच, पुढे पडल्यावर घाबरण्यापेक्षा. शिवाय म्हणाली की गाडी शिकायचं गेली तीन वर्षं टाळतेय कारण लायसन्सच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न फिटचा असतो, तिथे खोटं लिहायचं नाही म्हणून. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं तिला ट्रॅफिकची भीती वाटते.

आई अजून फुगलेली आहे. काकू, तुमचं चमच्याचं मात्र तिला वाचून दाखवलं, त्यावर काही बोलली नाही, पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत बसली. शनिवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, फोलिक अ‍ॅसिडचं विचारणार. वायरवाली ताई, पहिल्या फिटचा व्हिडिओ तिच्या मैत्रिणीकडे आहे म्हणे, चार वर्षांपूर्वीचा, तो आता दाखवून काही उपयोग होतो का?