मदत हवी आहे: अथेन्सच्या ब्रेटोसमध्ये काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं अथेन्सला जातोय. प्लाका भागातल्या ब्रेटोसला जायचंच, हे नक्की. 1909 पासूनची जुनी डिस्टिलरी आणि बार, छतापर्यंत रंगीबेरंगी बाटल्यांची उजळलेली भिंत. फोटो पाहूनच जीव अडकलाय माझा तिथे.

अडचण अशी की नवऱ्याला बडीशेपेसारखा वास अजिबात चालत नाही, म्हणजे ऊझो ही ग्रीक दारू बाद. (पाणी घातलं की ते दुधाळ होतं, ते मात्र मला डोळ्यांनी बघायचंच आहे.) त्याच्यासाठी खिऑस बेटावरच्या झाडांच्या डिंकाची मास्तिखा ही गोडसर दारू बरी, की पात्रा शहरातली दालचिनी-लवंगेची तेंतुरा? नाक्सोस बेटावरचं कित्रो (महाळुंगाच्या पानांचं मद्य) कुणी चाखलंय का? फार गोड असतं का? तिथे आधी थोडी चव घेऊ देतात का? आणि संध्याकाळी बसायला जागा मिळते, की दुपारीच जावं?

दुसरं म्हणजे, भारतात माणशी 2 लिटरच दारू शुल्कमुक्त आणता येते, त्यामुळे बाटल्या निवडूनच घ्याव्या लागणार. चेक-इन बॅगेत काचेची बाटली नीट कशी बांधता? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.