मदत हवी आहे: नाशिकला बिऱ्हाड हलवतोय, ३४ हजारांत बसेल का?

जाईजुई:

नमस्कार मंडळी. मोठं लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

नवऱ्याला अंबड एमआयडीसीत नोकरी लागून दोन महिने झाले. सध्या तो तिघांच्या रूमवर राहतो, डबा लावलाय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी, मुलगी (दुसरीत जाईल) आणि सासूबाई परभणीहून येणार. परभणीचं घर स्वतःचं, त्यामुळे माझ्या हिशेबाच्या वहीत आजवर 'भाडं' हा रकानाच नव्हता. परवा तो आखला आणि त्याच्याखालचे सगळे रकाने आखडले.

हातात येणारा पगार ३४,०००. दोन घरं बघून ठेवली आहेत.

पहिलं पाथर्डी फाट्याजवळ, सोसायटीत वन बीएचके, लिफ्ट आहे. भाडं ९,५००, मेंटेनन्स ९००, डिपॉझिट ४०,०००. एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि भाडेकराराचे ३,५०० तोच मागतोय. मालक म्हणतात ११ महिन्यांनी भाडं वाढणार, कारण 'कुंभ येतोय'.

दुसरं सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या आतल्या गल्लीत. रो-हाउसचा वरचा मजला, खाली मालकीणबाई राहतात. भाडं ८,०००, डिपॉझिट २५,०००, मध्ये एजंट नाही. लाइटला सबमीटर, युनिटला १२ रुपये. करार नको म्हणतात. "करारबिरार कशाला, आपण घरच्यासारखे राहू."

पहिलं घर धरून महिन्याचा अंदाज: भाडं आणि मेंटेनन्स १०,४००, किराणा ५,०००, दूध १,८००, भाजी २,०००, सासूबाईंची औषधं १,१००, शाळेची फी महिन्यावर पाडून २,००० आणि व्हॅन १,२००, गाडीचा हप्ता ३,१००, विमा १,२००, पेट्रोल १,५००, मोबाइल-इंटरनेट १,०००, गॅस ७०० (सिलिंडर सव्वा महिना पुरतं), लाइट १,०००. बेरीज ३२,०००. उरतात २,०००, त्यात सणवार, दवाखाना आणि परभणीच्या फेऱ्या.

त्याहून घोर सुरुवातीच्या रकमेचा आहे. साठवलेले ८०,००० आहेत. डिपॉझिट, एजंट, पहिलं भाडं, करार आणि टेम्पो (१८,००० सांगतोय) धरले की ८०,५०० होतात. अजून शाळेचा प्रवेश यात नाही.

कुठे चुकतेय? आणि लाइटचे हजार बरोबर आहेत का? परभणीचं बिल सासरे भरायचे, नंतर नवरा. मी कधी उलटून पाहिलं नाही, हे कबूल.

गोदाकाठचा:

नाशिककडून स्वागत, ताई. वही छान आहे, पण लाइटचा आकडा थंडीत बदलेल. इथली डिसेंबर-जानेवारीची थंडी परभणीसारखी नाही. दोन किलोवॅटचा गीझर रोज एक तास चालला तर महिन्याला ६० युनिट एकट्या गीझरचे. फ्रिजचे ३०-४०, पंखे, टीव्ही, मिक्सर मिळून तेवढेच. १०० युनिट सहज ओलांडाल, आणि महावितरणचा दर १०० च्या पुढे एकदम चढतो. चढलेला दर फक्त वरच्या युनिटना लागतो हे खरं, पण त्यावर स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क हे सगळं आलंच. सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तर हे गणित निम्मं होतं. विचारा, आणि तुमच्या नळाला त्याचं पाणी येतं का तेही बघा. बऱ्याच ठिकाणी पॅनल असतात, पाणी चौथ्या मजल्यावरच संपतं.

बारा_रुपये_युनिट:

आयडीवरून कळलंच असेल, मी चार वर्षं सबमीटरवर काढलीत. १२ चा दर म्हणजे लूटच असं लगेच म्हणू नका. दोन्ही मजले एकाच मीटरवर असले की एकूण वापर ३०० च्या पलीकडे जातो आणि मालकालाही महाग स्लॅब लागतो. पण सरसकट १२ लावला की पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त दर तुमच्या वाट्याला येतच नाही. मी शेवटी घरमालकांना असं पटवलं: आलेलं बिल भागिले एकूण युनिट, गुणिले माझे युनिट. समजा २९० युनिटचं बिल ३,००० आलं आणि तुमच्या सबमीटरवर १२० पडले, तर तुमचे १,२४१. १२ च्या दराने १,४४० झाले असते. बिलाचा फोटो दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर मागायचा, त्यात लाजायचं काही नाही.

आणि राहायला जायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. मी काढला नव्हता. आधीच्या भाडेकरूचे ८६ युनिट मी भरले.

दस्तवाला:

कराराशिवाय घर घेऊ नका, घरच्यासारखं असो वा नसो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. सिडकोच्या मालकीणकाकूंना हे भांडून नको, चहा पिताना सांगा. करार त्यांच्याच फायद्याचा आहे.

खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवतात. तुमच्या पहिल्या घराचं: ११ महिन्यांचं भाडं १,०४,५०० अधिक व्याजाचे ३,६६७, त्याचे पाव टक्का २७० रुपये. नोंदणी फी मनपा हद्दीत १,०००. झाले १,२७०. बाकी एजंटची मजुरी, घरी येऊन अंगठे-फोटो घेतो त्याची. ३,५०० जास्त आहेत, घासाघीस करा.

कुंभाचं मात्र मालक खोटं बोलत नाहीत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे तुमचे ११ महिने ऐन मध्यात संपतील. ११ महिन्यांचाच करार हवा असा नियम नाही, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मी ३३ महिन्यांचा करायला सांगेन, दरवर्षी ५ टक्के वाढ आत्ताच लिहून. मुद्रांकाचे पाच-सहाशे वाढतील, सिंहस्थात घर शोधायची पाळी तर येणार नाही.

परभणीकर_मूळचा:

१८,००० कशाला देताय ताई? नाशिकहून परभणीला माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या असतात, तिथल्या मार्केट यार्डात चौकशी करा. मी ११ हजारांत आलो, कपाटासकट. एकच आरसा फुटला, तोही माझ्या हाताने.

गॅसचं सिलिंडर टेम्पोत घालू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर परभणीच्या एजन्सीत जमा करायचं, डिपॉझिट परत आणि व्हाउचर घ्यायचं, ते इथल्या एजन्सीत दाखवायचं. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदवलेला भाडेकरार चालतो. शाळेतही तोच मागतील. म्हणजे करार हवाच.

सुगरण_सिडको:

पाण्याचं कुणीच विचारलं नाही! पाथर्डी फाट्याच्या पुढे बऱ्याच सोसायट्या बोअरवर आहेत, उन्हाळ्यात टँकर येतो. तो मेंटेनन्सच्या ९०० मध्ये आहे की वेगळा? मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा.

आणि वरच्या मजल्याला जिना आहे, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? भाजीचे २,००० मात्र कमी करा. सुट्टी जमली तर गंगेवरचा बुधवारचा बाजार गाठा, पिशवी भरून येते. (गंगा म्हणजे गोदावरी. इथे सगळे गंगाच म्हणतात, गोंधळू नका.)

जाईजुई:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आठवडाभर थांबून उत्तर देतेय, कारण नवऱ्याला दोन्ही घरी पुन्हा पाठवलं होतं.

रात्रपाळी सुटल्यावर तो सकाळी साडेसहाला थेट पाथर्डी फाट्याला गेला. गेटात टँकर उभा, पाइप टाकीत सोडलेला, आणि वॉचमन बादलीने स्वतःची सायकल धूत होता. त्याने न विचारताच सांगितलं, मार्चपासून रोज एक, मेमध्ये दोन. पैसे फ्लॅटमागे वेगळे, गेल्या महिन्यात साडेचारशे. एजंटला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, तेवढं तर सगळीकडेच असतं." मराठवाड्याच्या बाईला टँकरची भीती नाही, पण निदान सांगावं की नाही?

मग सिडको. काकूंकडे सकाळी साडेसातला मनपाचं पाणी सुरू होतं, त्याने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, धार चांगली होती. वरचा स्लॅब तापतो, हे त्याला दुपारी दुसऱ्यांदा जाऊन भिंतीला हात लावल्यावर कळलं. गच्चीला पांढरा चुना मारून घ्यायला काकू तयार आहेत, चुना त्यांचा, हात आमचे.

करारावर काकू आधी गप्प झाल्या. त्यांना वाटत होतं करार केला की भाडेकरू घर बळकावतो. दस्तवाले दादा, तुमचा मेसेज नवऱ्याने त्यांच्या मुलाला, पुण्याला फोन लावून वाचून दाखवला. मुलगाच म्हणाला, "आई, उलट करार नसला की अडचण तुझी." ३३ महिने, वर्षाला ५ टक्के, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. लाइट बिलाची भागाकाराची पद्धतही मान्य, फक्त तो हिशेब दर महिन्याला मी करून दाखवायचा, त्यांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत.

जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पापड वाळवायला गच्चीवर कोण जातं इथं, तू?" गुडघ्यांचा विषय तिथेच संपला. तरी कठडा एका बाजूनेच आहे, दुसऱ्या बाजूला पाइप बसवून घेणार.

नवी वही: भाडं ८,०००, मेंटेनन्स नाही, लाइट १,२५०, बाकी तसंच. बेरीज २९,८५०, उरतात ४,१५०. सुरुवातीला डिपॉझिट २५,०००, भाडं ८,०००, कराराचा आमचा वाटा हजारभर, परतीची गाडी १२,००० ला ठरली. ८० मधले ३४ हजार हातात राहतात, त्यात शाळेचा प्रवेश निघेल.

थंडीतलं लाइट बिल वेगळ्या पानावर लिहून ठेवलंय. तोपर्यंत काकूंच्या अंगणात बंब दिसला, तो वापरात आहे का हे विचारायचं राहिलं.

आता शेवटचं. सासूबाईंचा पाटा-वरवंटा आणि दगडी खलबत्ता. गाडीवाला वजनाचे ५०० वेगळे मागतोय, नवरा म्हणतो मिक्सर आहे, सासूबाई काहीच म्हणत नाहीत, नुसत्या पाटा धुऊन उन्हात ठेवतात. सिडकोत जुना पाटा विकत मिळतो का कुठे, की आपलाच आणावा?

सुगरण_सिडको:

मिळतो, पण छिन्नीने टाकी लावलेला नवा. ५०० द्या आणि आपला आणा. आणि बंब काकूंचा असेल तर चालूच असणार, लाकडं तेवढी पावसाच्या आत भरा.